पंखे वाढले की आवाज वाढतो?

घरी छोटा, शांत डेस्कटॉप संगणक जुळवायचा म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: पंखे कमी ठेवा, आवाज आपोआप कमी होईल. ऐकायला पटतं, पण बहुतेक वेळा घडतं उलटंच.

पंखा जितका वेगात फिरेल, त्या प्रमाणात हवा ढकलतो. आवाज मात्र वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. अभियंत्यांचा ठोकताळा असा, की वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर भर पडते फक्त ३ डेसिबलची. म्हणजे एकच पंखा पूर्ण वेगाने पळवण्याऐवजी दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर हवा साधारण तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी! (जाळी, धूळ आणि केबलींची गर्दी यांमुळे प्रत्यक्षात आकडे थोडे हलतात.)

लहान केसमध्ये (संगणकाच्या डब्यात) दोन मावत नसतील तर निदान मोठा निवडावा. १२० मिलिमीटरचा पंखा संथ फिरून जे काम करतो, त्यासाठी ४० मिलिमीटरच्या पंख्याला जीव तोडून पळावं लागतं. त्याचा तो बारीक, शिट्टीसारखा सूर रात्री फार छळतो.

‘मग पंखाच नको’ हेही सरसकट चालत नाही. कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरला नुसता हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) पुरतो. जड काम दिलं की मात्र प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो. बरं, पंखे गप्प झाले की हार्ड डिस्कची घरघर ऐकू यायला लागते. तिच्यावर सरळ उपाय म्हणजे एसएसडी, फिरते भाग नसलेली डिस्क.