वाळवंटातली थंडी आणि चंद्रावरचा आळ

कोजागरी आली की एक व्हिडिओ हटकून फिरायला लागतो. अंगणात पाण्याच्या दोन वाट्या ठेवलेल्या, एक उघड्या चांदण्यात आणि दुसरी छत्रीखाली. काही वेळाने लांबून तापमान सांगणारं यंत्र त्यांच्यावर रोखलं की चांदण्यातली वाटी दोन-तीन अंशांनी गार निघते. मग निष्कर्ष काढला जातो की चंद्राचे किरण शीतल असतात आणि आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं. यातलं मोजमाप खरं असू शकतं, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. वाटी गार होण्याचं खरं कारण सगळ्यात ठळकपणे पाहायचं असेल तर शरद सरून हेमंत लागतो तेव्हाचं थरचं वाळवंट पाहावं.

जैसलमेरच्या नैर्ऋत्येला खुरी नावाचं लहानसं गाव आहे. मातीच्या भिंती, गवताने शाकारलेली छपरं आणि गावाला खेटून वाळूच्या टेकड्या. देशातून मोसमी पाऊस माघारी फिरतो तो याच पश्चिम राजस्थानातून, सप्टेंबरच्या उत्तरार्धात. नोव्हेंबरपर्यंत या भागातली बाजरी, गवार, मटकी निघालेली असते. उन्हाळ्यात घोंघावणारे वारे पडलेले असतात. तिकडे फलोदीजवळच्या खिचनला करकोच्यांचे थवे येऊन उतरलेले असतात. दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो, म्हणजे मुंबईहून फारसा वेगळा नाही. पण मुंबईत तो रात्री विशीच्या आसपास थबकतो आणि खुरीच्या परिसरात पहाटेपर्यंत बारा-चौदा अंशांवर येतो. दोन्हीकडे सूर्य तोच, रात्रही जवळपास तेवढीच.

शाळेत शिकलेलं उत्तर आपल्याला पाठ असतं: वाळू लवकर तापते आणि लवकर थंड होते. ते बरोबर आहे, पण अर्धंच. वाळूतली उष्णता जाते कुठे, हे त्यात नाही. वारा पडलेला, शेजारची हवाही वाळूइतकीच कोमट, आणि खालची जमीन तर उलट अधिक उबदार. मग उरते एकच दिशा, वरची.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारण, म्हणजे लहरींच्या रूपातली ऊर्जा, बाहेर टाकत असते. २५ अंशांची वाळू दर चौरस मीटरमागे सुमारे ४४० वॅट ऊर्जा सतत वर पाठवते. ही ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही, कारण तिचा जोर १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, लहरींवर असतो. वरून वातावरणही तशाच लहरी खाली पाठवत असतं. रात्रीच्या थंडीचा सगळा हिशेब या देवाणघेवाणीच्या फरकात आहे.

हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन या व्यवहारात जवळजवळ भाग घेत नाहीत. भाग घेतं ते मुख्यतः पाण्याचं बाष्प आणि त्याखालोखाल कार्बन डायऑक्साइड. बाष्प ७ मायक्रॉनच्या आसपासच्या आणि १८-२० मायक्रॉनच्या पुढच्या लहरी अडवतं, तर कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनच्या भोवतालच्या. पण साधारण ८ ते १३ मायक्रॉनच्या मध्ये एक मोकळी फट राहते आणि वाळूच्या प्रारणाचा जोर नेमका तिथेच असतो! या फटीतून सुटलेली ऊर्जा थेट अवकाशात जाते. मुंबईच्या दमट हवेत बाष्प इतकं असतं की ही फटही अंशतः बुजते आणि आकाशाकडून बरीच ऊर्जा परत मिळते. खुरीत ती फट सताड उघडी. सुरुवातीच्या रात्री तिथली जमीन दर चौरस मीटरमागे शंभराहून जास्त वॅट गमावत राहते, मुंबईत साधारण त्याच्या निम्मेच.

इथे एक बारकावा आहे. थरची वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, आणि क्वार्ट्झ ८ ते साडेनऊ मायक्रॉनच्या पट्ट्यात प्रारण टाकायला कंजूस असतो, त्याच्या स्फटिकातले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध त्याच लहरींना थरथरतात म्हणून. त्यामुळे कोरडी वाळू त्या पट्ट्यात असायला हवी त्यापेक्षा अंधुक दिसते. उपग्रह हीच खूण पकडून क्वार्ट्झची वाळवंटं ओळखतात.

आता वाळूचा स्वतःचा वाटा. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून ती उष्णतेची फार वाईट वाहक. वरचा थर उष्णता गमावत असताना खालची ऊब वर येऊच शकत नाही. दिवस-रात्रीचा चढउतार वरच्या वीतभर थरातच संपतो, हातभर खोल तर तो जवळजवळ जाणवत नाही. काटेरी शेपटीचा सांडा नावाचा सरडा थंडीत आपल्या बिळाचं तोंड मातीने बंद करून खाली पडून राहतो, तो याच स्थिर उबेत.

घसरणीला बांध घालतं ते दव. हवा दवबिंदूला, म्हणजे बाष्पाचं दव होऊ लागतं त्या तापमानाला, पोचली की बाष्पाचं पाणी होताना सुप्त उष्णता सुटते आणि पारा तिथे रेंगाळतो. दमट गावात हा बांध उंचावर असतो, खुरीत फार खाली. त्यात गार झालेली हवा जड होऊन टेकड्यांच्या उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगट जागेत साठते. म्हणून शांत रात्री टेकडीच्या माथ्यापेक्षा पायथ्याशी अधिक कुडकुडायला होतं.

छत्रीखालच्या वाटीचं कोडं आता सुटतं. उघड्यावरची वाटी आकाशाला तोंड देऊन असते, छत्रीखालच्या वाटीला दिसते छत्री. १८ अंशांचं शाकारलेलं छप्पर किंवा छत्री दर चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट खाली पाठवते, कोरडं आकाश त्याहून कितीतरी कमी. चंद्राचा यात संबंध नाही. पौर्णिमेचा चंद्रप्रकाश सूर्यप्रकाशाच्या जेमतेम चार लाखाव्या भागाएवढा असतो, आणि तो गारवा नव्हे, नगण्य का होईना, ऊबच देतो. खात्री करायची तर हाच प्रयोग अमावास्येला, निरभ्र आकाशाखाली करावा. उघड्यावरची वाटी तेव्हाही गारच निघेल. कोजागरीचं दूध जरूर प्यावं, मलाही ते अतिशय आवडतं, पण चंद्राच्या नावावर भलतंच विज्ञान खपवणं मात्र थांबायला हवं. मुलं ते खरं मानतात.

या गारव्याचा उपयोग आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. अलाहाबादेत हिवाळी रात्री उथळ मातीच्या पसरट भांड्यांत पाणी भरून, खाली वाळलेलं काड घालून, बर्फ जमवत. ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये त्याचं वर्णन छापलं. काड जमिनीची ऊब अडवतं आणि पाणी आपली उष्णता आकाशाकडे गमावतं. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही बर्फ धरतो तो यामुळेच.

२०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक असा पातळ आरसा दाखवला, जो भर उन्हात आजूबाजूच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंश गार राहिला. तो ऊन परतवून लावतो आणि ८ ते १३ मायक्रॉनच्या त्याच फटीतून उष्णता बाहेर टाकतो. तेव्हापासून ‘विजेशिवाय एसी’ म्हणून रंगांच्या आणि पत्र्यांच्या जाहिराती सुरू आहेत. जैसलमेरच्या छपरावर त्यांच्याकडून बरीच अपेक्षा ठेवता येईल. कोकणात जुलैमध्ये ढग आणि बाष्प मिळून ती फट जवळजवळ बंद करतात, तेव्हा त्याच रंगाकडून फारसं काही मिळणार नाही. ऊन परतवण्याचा फायदा तेवढा राहील, पण तो साध्या पांढऱ्या चुन्यानेही बऱ्यापैकी मिळतो.