व्हॅल्प्रोएट: फिटच्या गोळीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात असो की अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, फिटच्या पेशंटच्या चिठ्ठीवर सोडियम व्हॅल्प्रोएट हे नाव नेहमीचं. तीच गोळी मनोविकार विभागातही दिली जाते आणि घरचे बुचकळ्यात पडतात: "पोराला फिट येतच नाही, मग फिटची गोळी कशाला?" प्रश्न रास्त आहे.

या औषधाचा शोध कुणी घेतलाच नाही, ते सापडलं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ बेव्हर्ली बर्टन यांनी १८८२ मध्ये व्हॅल्प्रोइक आम्ल तयार केलं; सोडियम व्हॅल्प्रोएट हा त्याचाच क्षार. आयुर्वेदातल्या तगराची युरोपीय भावंड असलेल्या व्हॅलेरियनच्या मुळात जे आम्ल असतं, त्याच्या जातकुळीतलं हे. पुढची ऐंशी वर्षं प्रयोगशाळांनी त्याला फक्त राबवून घेतलं: पाण्यात न विरघळणारे पदार्थ विरघळवायचं काम त्याच्याकडे. तोवर फिटवर १८५७ पासून ब्रोमाइड, १९१२ पासून फेनोबार्बिटल आणि १९३८ पासून फेनिटोइन येऊन गेलं होतं.

१९६२ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथं पिएर एमार हा तरुण संशोधक काही नवी संयुगं तपासत होता. ती विरघळेनात, म्हणून त्यानं व्हॅल्प्रोइक आम्ल वापरलं. प्राण्यांवरच्या चाचणीत एकूण एक संयुग झटके थांबवू लागलं. इतकं यश संशयास्पदच. मग नुसतं आम्ल देऊन पाहिलं, तर झटके तरीही थांबले. गुण संयुगांचा नव्हताच. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये डेपाकिन नावानं हे औषध बाजारात आलं, अमेरिकेनं मात्र १९७८ पर्यंत वाट पाहिली.

आता त्या घरच्यांच्या प्रश्नाकडे. १९६६ मध्येच लाम्बेर या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञानं याच कुळातलं व्हॅल्प्रोमाइड उन्मादाच्या, म्हणजे मन अति भडकलेल्या, रुग्णांना देऊन गुण आल्याचं नोंदवलं होतं. मेंदूतल्या पेशींचा अतिरेकी भडका शमवणारं औषध मनाचा भडकाही शमवतं. नेमकं कसं, याचं पूर्ण उत्तर अजून नाही. द्विध्रुवीय आजारात, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी खोल उदासीत जातं त्या आजारात, तोवर १९४९ पासूनचं लिथियम हे औषध होतं, पण त्याची रक्तातली पातळी सतत तपासावी लागते आणि अंगातलं पाणी कमी झालं की ती चढते. मे महिन्यात जालना-बीडकडे उन्हात राबणाऱ्या माणसाला, तपासणीसाठी एसटीनं जिल्ह्याला जा म्हणणं सोपं नसतं. त्यातून राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. अशा ठिकाणी व्हॅल्प्रोएट सोयीचं वाटणारच. यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, वजन वाढतं, केस गळतात, हात थरथरतात, हे मात्र आहेच.

इतिहासाचा दुसरा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. १९८२ मध्ये फ्रान्समधल्याच ल्यों इथून इशारा आला: गरोदरपणात हे औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांमध्ये मणक्याचं व्यंग जास्त दिसतंय. पुढच्या अभ्यासांतून कळलं की अशा दर १०० बाळांमागे सुमारे १० जणांत मोठं जन्मजात व्यंग असतं आणि ३० ते ४० जणांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येऊ शकतात. २०१८ मध्ये युरोपनं गर्भधारणा टाळण्याच्या खात्रीशीर व्यवस्थेशिवाय हे औषध मूल होण्याच्या वयातल्या बायकांना देऊ नये, असा नियम केला.

मराठवाड्यात ही गोष्ट नेमकी लग्नापाशी येऊन अडते. चप्पल हुंगवणं, बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे नेणं कमी झालंय, पण मुलीची फिट लपवणं चालूच आहे. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख १९९९ मध्येच काढला गेला, तरी सोयरिकीच्या बैठकीला कायदा कोण विचारतो? मग सासरी कळू नये म्हणून गोळी एकाएकी बंद होते, आणि एकाएकी थांबवल्यावर झटके उसळतात, कधी लागोपाठ येऊन जिवावर बेततात. किंवा गोळी चोरून चालू राहते आणि गर्भ राहिल्याचं डॉक्टरला उशिरा कळतं. बाळाच्या मणक्याची नळी तर गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट लक्षात येईपर्यंत. त्यामुळे औषध बदलायचं असेल तर डॉक्टरशी बोलणं लग्न ठरतानाच व्हायला हवं. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन ही गर्भासाठी बरीच सुरक्षित औषधं आता इथल्या मेडिकलमध्येही मिळतात, मात्र प्रत्येक प्रकारच्या फिटला ती लागू पडतातच असं नाही.