तानपुऱ्यातली टक

दादरच्या एका नाट्यगृहात संगीत नाटकाची तालीम होती. तानपुरा लागला, गायिकेने षड्ज लावला आणि तिच्या पुढ्यातल्या मॉनिटरमधून, म्हणजे तिला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरमधून, बारीकशी ‘टक’ आली. दोनेक सेकंदांनी पुन्हा. आम्ही मॉनिटर बदलला, त्याची केबल बदलली, शेवटी माइकसुद्धा बदलला. टक कायम. तबला सुरू झाला की ती बुडून जायची, तानपुरा एकटा उरला की पुन्हा वर यायची. प्रेक्षागृहातल्या मोठ्या स्पीकरमध्ये मात्र सगळं स्वच्छ. तासाभराने लक्षात आलं, की बिघाड कुठल्याच तारेत नाही. तो घड्याळात आहे.

जुन्या मिक्सरमध्ये, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रात, एक नंबरच्या सॉकेटला लावलेला माइक एक नंबरच्याच फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) यायचा, कारण आत तशी तार जोडलेली असायची. डिजिटल मिक्सरमध्ये ही तार नसते. माइकचा सिग्नल स्टेजबॉक्समध्येच (मंचाजवळच्या, माइक जोडायच्या पेटीत) आकड्यांत बदलतो आणि इतर माइकच्या आकड्यांसोबत एकाच केबलमधून निघतो. एईएस-५० नावाच्या पद्धतीत, नेटवर्कच्या साध्या दिसणाऱ्या केबलवरून ४८ चॅनेल जातात आणि ४८ येतात. कुठला आकडा कुठल्या फेडरवर उतरवायचा, हे मिक्सरच्या स्मृतीतला एक तक्ता ठरवतो. यालाच राउटिंग म्हणायचं. सातव्या सॉकेटमधली हार्मोनियम पहिल्या फेडरवर हवी? तक्त्यातली एक नोंद बदला. दुपारी चारला एक नाटक आणि रात्री आठला दुसरं, अशा आपल्या नाट्यगृहांत ही सोय फार मोलाची आहे. आपली मांडणी पेनड्राइव्हवर आणायची आणि लोड करायची.

एक गोष्ट मात्र कायम जपावी लागते. एकाच स्टेजबॉक्सवर दोन मिक्सर असतील, एक प्रेक्षागृहात आणि एक मॉनिटरसाठी विंगेत, तर माइकचा मूळ गेन, म्हणजे सिग्नल सुरुवातीलाच किती वाढवायचा ते प्रमाण, दोघांचा सामाईक असतो. विंगेतल्याने तो वाढवला की प्रेक्षागृहातला आवाजही उसळतो. गेन कोणाच्या हातात, हे तालमीआधीच ठरवून टाकलेलं बरं.

आता घड्याळाकडे. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. ते पकडायला सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजमाप करावं लागतं, म्हणून मंचावर बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने घेतात. दोन नमुन्यांमधलं अंतर २०.८ मायक्रोसेकंद. तेवढ्यात आवाज हवेत जेमतेम ७ मिलिमीटर सरकतो. (सीडीचा वेग ४४,१००. त्या वेगाची फाइल चुकून ४८,००० ने वाजली, तर पांढरी एकचा षड्ज काळी एकच्याही वर, जवळपास पांढरी दोनच्या दिशेने अर्ध्या वाटेवर जातो.) नमुने घेण्याचा हा ठेका मिक्सरमधला क्वार्ट्झचा स्फटिक धरतो. त्या दिवशी आमच्याकडेही असेच दोन मिक्सर होते आणि दोन्हींत आपापला स्फटिक होता. स्टेजबॉक्स प्रेक्षागृहातल्या मिक्सरच्या ठेक्यावर नमुने पाठवत होता आणि विंगेतला मिक्सर ते स्वतःच्या ठेक्यावर उचलत होता.

दोन स्फटिक तंतोतंत सारखे कधीच नसतात. समजा, फरक दहा लाखांत दहाचा आहे. मनगटी घड्याळात एवढा फरक असता, तर ते दिवसाला एक सेकंदही चुकलं नसतं आणि आपण त्याचं कौतुक केलं असतं. पण ४८,००० नमुन्यांवर हाच फरक सेकंदाला ०.४८ नमुना होतो. गच्चीवरच्या टाकीत पंप जेवढं पाणी चढवतो, त्याहून नळ किंचित जास्त सोडत असेल, तर टाकी कधीतरी रिकामी होणारच. इथे दर दोन सेकंदांनी एक नमुना कमी पडतो, लाट त्या जागी तुटते आणि कानाला टक ऐकू येते. आमची टक दोनेक सेकंदांनीच येत होती. आधीच तिचा ठेका मोजला असता, तर माइक बदलावा लागला नसता.

मुंबईने घड्याळांचा वाद पुष्कळ वर्षं पाहिला आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी या शहराने १९५५ पर्यंत आपली वेगळी वेळ जपली, ३९ मिनिटं मागे. तरी व्यवहार चालले, कारण ती ३९ मिनिटं रोज ३९च राहायची. बेरीज-वजाबाकी केली की भागायचं. मिक्सरलाही असा ठरावीक उशीर चालतो. एक-दोन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्पीकर एक-दोन फूट मागे सरकवल्यासारखा, कोणाला जाणवतही नाही. सोसत नाही ते अंतर सतत वाढत जाणं.

म्हणून सगळ्या साखळीत घड्याळ एकच ठेवायचं. एका यंत्राला मास्टर करायचं आणि बाकीच्यांना त्याचा ठेका ऐकायला लावायचं. तो ठेका आवाजाच्या केबलमधूनच येऊ शकतो किंवा वर्ड क्लॉकच्या, म्हणजे फक्त ठेका नेणाऱ्या, वेगळ्या केबलने. त्या केबलच्या शेवटच्या टोकाला ७५ ओहमचा रोध लागतो. तो विसरला, तर ठेका टोकावर आदळून परत फिरतो आणि मूळ ठेक्यातच मिसळतो. डान्टेसारख्या, आवाज वाहून नेणाऱ्या नेटवर्कवर यंत्रं आपसातच एकाला मास्टर निवडतात. आणि दोन यंत्रणांची घड्याळं काही केल्या एक होणार नसतील, तर मध्ये नमुने नव्या वेगात मोजून देणारा रूपांतरक घालतात.

आम्हाला यातलं काहीच आणावं लागलं नाही. विंगेतल्या मिक्सरचा क्लॉक ‘इंटर्नल’वर होता, तो स्टेजबॉक्सच्या केबलवर नेला. स्पीकर क्षणभर गप्प झाले, मग तानपुरा आला. आता ‘चेक, चेक’ म्हणण्याआधी आम्ही एकटा तानपुरा लावतो आणि मॉनिटरपाशी दोन मिनिटं गप्प उभे राहतो.