'ओल्ड फेथफुल' दर तासाला उसळत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी मुलांना सामान्यज्ञान म्हणून अजूनही सांगितले जाते की, अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानातला 'ओल्ड फेथफुल' हा गायझर (जमिनीतून थांबूनथांबून उसळणारा गरम पाण्याचा नैसर्गिक फवारा) दर तासाला, ठरल्या मिनिटाला उसळतो. हे चुकीचे आहे, आणि खरी हकीकत अधिक वेधक असल्यामुळे ती मुलांपर्यंत पोहोचायलाच हवी. दोन उद्रेकांमधील अंतर साधारणपणे ६० ते ११० मिनिटे असते आणि ते मुख्यतः आधीच्या उद्रेकावर ठरते: तो अडीच मिनिटांच्या आत आटोपला, तर जमिनीखालच्या पोकळ्यांत गरम पाणी शिल्लक राहते व पुढचा उद्रेक लवकर होतो, तो लांबला, तर पोकळ्या पुन्हा भरून पाणी तापायला बहुधा दीड तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. भूकंपामुळे खडकातील भेगा आणि पाण्याच्या वाटा बदलतात, १९५९ मधील हेबगेन लेक आणि १९८३ मधील बोरा पीक येथील भूकंपांनंतर दोन उद्रेकांमधील अंतर वाढले. दीर्घ अवर्षणाचाही परिणाम होतो. म्हणूनच उद्यानातील कर्मचारी प्रत्येक उद्रेकाचा कालावधी मोजून केवळ पुढच्याच उद्रेकाची वेळ वर्तवतात, तीही दहा मिनिटे मागेपुढे धरून.