वर्गखोलीची मोजपट्टी: शाळांच्या हरित मानांकनांमागचा इतिहास

नव्या शाळेच्या इमारतीसाठी हरित मानांकन, म्हणजे इमारत पर्यावरणपूरक असल्याचं गुण मोजून दिलेलं प्रमाणपत्र, घ्यायचं ठरलं की संस्थेच्या बैठकीत अमेरिकेतलं लीड आणि भारतातली आयजीबीसी, ग्रिहा ही नावं पुढे येतात. एकाची निवड होते, नोंदणी होते, आराखडे निम्मे तयार होतात. मग कधी त्या मानांकनाची नवी आवृत्ती येते, कधी शुल्काचा किंवा सवलतीचा हिशेब बदलतो, आणि विचारणा सुरू होते: आता दुसरीकडे जाता येईल का, झालेलं काम वाया जाईल का? वास्तुविशारदाकडून बहुतेक वेळा उत्तर मिळतं ते गुणांच्या तक्त्याचं. इथले इतके गुण तिथे इतके होतात, इतकंच. पण ही मानांकनं कुठे जन्मली, कोणत्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली, हे पाहिल्याशिवाय तो तक्ता नीट वाचता येत नाही. शाळेला खास लागणाऱ्या गोष्टी त्यात उशिरा आल्या, भांडून आल्या, आणि प्रत्येक बदलात त्यांतली एखादी निसटण्याची शक्यता असते.

ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेत घडली. १९९५ साली तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं देशभरातल्या सरकारी शाळांच्या इमारतींची पाहणी प्रसिद्ध केली. दुरुस्तीसाठी ११२ अब्ज डॉलर लागतील आणि सुमारे १ कोटी ४० लाख मुलं मोठ्या दुरुस्तीची गरज असलेल्या शाळांत शिकत आहेत, असं त्यातून समोर आलं. गळकी छपरं आणि जुन्या भट्ट्या यांची चर्चा झाली. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. अंतर्गत वातावरणाच्या तक्रारींत आवाजाचं नियंत्रण सर्वांत वर होतं. सुमारे २८ टक्के शाळांनी ते असमाधानकारक असल्याचं सांगितलं होतं. खेळत्या हवेची तक्रार जवळजवळ तितक्याच शाळांची होती.

याच सुमाराला हरित इमारतींची चळवळ आकार घेत होती. यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या लीड मानांकनाची प्रायोगिक आवृत्ती १९९८ मध्ये निघाली आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. ते लिहिताना डोळ्यांपुढे होती ती प्रामुख्यानं कार्यालयाची इमारत: काचेचा दर्शनी भाग, मध्यवर्ती वातानुकूलन, संगणकासमोर बसलेली मोठी माणसं. शाळांनाही तेच लावलं जाई. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला शिक्षकाचं बोलणं ऐकू येतं का, हे त्या मोजपट्टीत कुठेच नव्हतं.

शाळांसाठीचा पहिला मोठा प्रयत्न कॅलिफोर्नियातून आला आणि त्याची सुरुवात वीज कंपन्यांनी केली. नोव्हेंबर १९९९ मध्ये कॅलिफोर्निया ऊर्जा आयोगानं राज्यातल्या तीन मोठ्या वीज कंपन्यांना एकत्र बोलावलं. शाळांचं वीजबिल कसं कमी करायचं, हा विषय. चर्चा मात्र लवकरच बिलाच्या पुढे गेली, कारण त्याच वर्षी नैसर्गिक उजेड आणि शिकणं यांचा संबंध तपासणारा एक अभ्यास गाजत होता. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कॅपिस्ट्रानो या शाळा-जिल्ह्यात सर्वांत जास्त उजेडाच्या वर्गांतल्या मुलांची वर्षभरातली प्रगती सर्वांत कमी उजेडाच्या वर्गांच्या तुलनेत गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के वेगानं झाली होती. या आकड्यांनी शाळा बांधणाऱ्यांवर जादू केली. पुढे २००३ मध्ये त्याच अभ्यासकांनी फ्रेस्नो इथे पुन्हा तपासणी केली, तेव्हा उजेडाचा तो सरळ फायदा दिसला नाही. तिथे प्रभाव दिसला तो खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचा, डोळ्यांवर येणाऱ्या झळाळीचा आणि वर्गातल्या आवाजाचा. मला हा दुसरा अभ्यास पहिल्याहून मोलाचा वाटतो. मोठी खिडकी म्हणजे चांगला वर्ग हे समीकरण त्यानं मोडलं. दुर्दैवानं आजही जाहिरातींत पहिल्याचेच आकडे दिसतात.

त्या बैठकीतून सीएचपीएस (कोलॅबरेटिव्ह फॉर हाय परफॉर्मन्स स्कूल्स) ही संघटना उभी राहिली. उत्तम शाळा-इमारतींसाठी निकष, मार्गदर्शक पुस्तिका, प्रशिक्षण असं तिचं काम. केंद्रस्थानी वर्गखोली: उजेड, हवा, आवाज, देखभाल. तेव्हा १३० हून अधिक नव्या शाळा बांधण्याचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतलेल्या लॉस एंजेलिसच्या शाळा मंडळानं हे निकष सुरुवातीच्या काळातच स्वीकारले. मग वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क अशा राज्यांनी ते आपापल्या हवामानाप्रमाणे बदलून घेतले. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या शिक्षण-कर्जरोख्यांत अशा शाळांच्या प्रोत्साहनासाठी १० कोटी डॉलर वेगळे काढले गेले.

वॉशिंग्टन राज्याची हकीकत थोडं थांबून पाहण्यासारखी आहे. २००५ मध्ये तिथे सार्वजनिक इमारती हरित मानकांनुसार बांधण्याचा कायदा झाला. असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. शाळांना त्यात दोन वाटा दिल्या गेल्या: लीडचं सिल्व्हर प्रमाणपत्र (त्याच्या वर गोल्ड आणि प्लॅटिनम), किंवा सीएचपीएसवर बेतलेला राज्याचा स्वतःचा नियमसंच. पहिल्या वाटेवर बाहेरची संस्था कागदपत्रं तपासून प्रमाणपत्र देते. दुसऱ्या वाटेवर शाळा मंडळ स्वतःच नोंदी ठेवून निकष पुरे झाल्याचं जाहीर करतं. दुसरी वाट स्वस्त, तिथल्या हवामानाला जवळची, आणि मंडळाला आपल्या शाळा नीट माहीत असतात हे मान्य करणारी. पण तिथे कुणी परका माणूस येऊन 'हे दाखवा' म्हणत नाही. एका वाटेवरून दुसरीवर जाणाऱ्या मंडळांना ही गोष्ट सर्वांत जड गेली असणार. काम तेच, पण पुरावा नव्यानं जमवायचा.

आता आवाजाकडे येऊ, कारण मानांकनांतला फरक इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. नव्वदच्या दशकात श्रवणदोष असलेल्या एका मुलाच्या पालकानं अमेरिकेच्या सुगम्यता मंडळाकडे, म्हणजे इमारती अपंगांना वापरता याव्यात हे पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज केला. वर्गातल्या गोंगाटामुळे आपल्या मुलाला शिकता येत नाही, तर हाही इमारतीचा अडथळा मानावा, असं त्याचं म्हणणं. त्यातून ध्वनिशास्त्रज्ञांच्या संस्थेबरोबर काम सुरू झालं आणि २००२ मध्ये वर्गखोल्यांसाठी राष्ट्रीय मानक तयार झालं. रिकाम्या वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नको आणि नेहमीच्या आकाराच्या वर्गात आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदापेक्षा जास्त नको, असं ते सांगतं. हिशेब असा, की लहान मुलाला शब्द नीट कळण्यासाठी शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबल वर हवा. मोठी माणसं अर्धवट ऐकलेलं वाक्य मनात पुरं करतात. सहा वर्षांच्या मुलाकडे, किंवा घरी वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाकडे, तो साठा नसतो. वातानुकूलन यंत्रं बनवणाऱ्यांचा ३५ च्या मर्यादेला विरोध होता, कारण वर्गात बसवलेली त्यांची यंत्रं त्या मर्यादेत चालत नव्हती.

२००७ मध्ये लीडनं शाळांसाठी वेगळं मानांकन आणलं, आणि शाळेच्या मुख्य शैक्षणिक इमारतीसाठी तेच वापरणं बंधनकारक केलं. ध्वनी ही त्यात सक्तीची अट झाली. जमिनीत पूर्वीच्या वापराचं प्रदूषण आहे का, याची तपासणीही सक्तीची झाली, कारण जुन्या कारखान्याच्या स्वस्त जागेवर शाळा बांधल्याची उदाहरणं अमेरिकेत कमी नव्हती. बुरशी टाळण्यासाठी आणि इमारतीचाच शिकवण्यात उपयोग करण्यासाठी वेगळे गुण ठेवले गेले. त्याच वर्षी ओहायो राज्याच्या शाळा बांधकाम आयोगानं आपल्या निधीतल्या नव्या शाळांना लीड सिल्व्हर सक्तीचं केलं आणि शेकडो शाळा या वाटेला लागल्या.

पण सक्तीची ध्वनिमर्यादा ठरली ४५ डेसिबल. डेसिबलचं मोजमाप चढत्या पटीचं असतं. दहाचा फरक म्हणजे ध्वनिऊर्जा दहापट. मानक ३५ म्हणे आणि प्रमाणपत्र ४५ ला मिळे, ही तडजोड होती. त्याहून शांत वर्ग करणाऱ्यांना जादा गुण होते, पण जादा गुण म्हणजे ऐच्छिक. २०१३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत सक्तीची मर्यादा ४० वर आली.

एका आवृत्तीतून दुसरीत जाणं किती फसवं असतं, ते याच काळातल्या आकड्यांतून कळतं. २००७ च्या शाळा-मानांकनात ७९ पैकी ३७ गुणांना सिल्व्हर मिळे. २००९ च्या आवृत्तीत एकूण ११० गुण झाले आणि सिल्व्हर ५० वर गेलं. चौथ्या आवृत्तीतही ११० आणि ५० हेच आकडे राहिले, पण आतली पायरी सरकली होती. ऊर्जेची बचत ज्याच्याशी ताडून मोजायची ते अ‍ॅशरे ९०.१ हे इमारतींच्या ऊर्जावापराचं अमेरिकी मानक आधी २००४ सालचं होतं, मग २००७ चं, मग २०१० चं. म्हणजे तीच भिंत, तेच छप्पर, तीच यंत्रणा, आणि बचतीची टक्केवारी दर वेळी कमी. उलट काही गोष्टी हलक्याही झाल्या. बुरशी प्रतिबंधाचा आणि 'इमारत हेच शिकवण्याचं साधन' हा, असे दोन स्वतंत्र गुण चौथ्या आवृत्तीच्या शाळांच्या तक्त्यात उरले नाहीत. वर नाव सिल्व्हर तेच.

जुन्या, म्हणजे २००९ च्या आवृत्तीत नोंदणीची मुदत आधी जून २०१५ होती. तयारी झालेली नाही असं अनेकांनी कळवल्यावर ती ३१ ऑक्टोबर २०१६ पर्यंत वाढवली गेली, आणि जुन्या आवृत्तीखाली काम पुरं करण्याची मुभा २०२१ च्या मध्यापर्यंत राहिली. शाळांना या मुदतीचा मोठा आधार झाला. शाळेची इमारत कर्जरोख्यांचं मतदान, आराखडा, निविदा, बांधकाम अशा टप्प्यांतून कित्येक वर्षं घेते. तेवढ्यात मानांकनाची आवृत्ती बदलणं जवळजवळ ठरलेलंच.

भारतात लीड आलं हैदराबादमार्गे. तिथलं सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर हे २००३ मध्ये अमेरिकेबाहेर लीड प्लॅटिनम मिळवणारी पहिली इमारत ठरलं. पुढच्या वर्षी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. २००१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलनं म्हणजे आयजीबीसीनं २००७ पासून लीडची भारतीय आवृत्ती चालवली. त्याच वर्षी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं टेरी या संस्थेनं घडवलेलं ग्रिहा हे राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारलं. दोन्हींच्या मुळाशी वेगळी इमारत आहे. लीडचं ऊर्जेचं गणित वातानुकूलित इमारतीत चांगलं बसतं, तर ग्रिहा लिहितानाच पंख्यावर आणि उघड्या खिडकीवर चालणारी भारतीय इमारत समोर होती. आपल्या बहुतेक शाळा याच दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

मग २०१४ मध्ये मोठा बदल झाला. भारतातलं लीडचं काम अमेरिकेतल्या मूळ संस्थेच्या प्रमाणन शाखेनं थेट हाती घेतलं आणि आयजीबीसीनं आपल्या स्वतःच्या मानांकनांवर भर दिला. त्यांत शाळांसाठी वेगळं मानांकन आहे. ग्रिहानंही दिवसा भरणाऱ्या शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीतल्या पर्यावरण संस्थेनं तर प्रमाणपत्राची वाटच सोडून मुलांकडूनच हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी, कचरा यांचं लेखापरीक्षण करून घेणारा कार्यक्रम चालवला. जुन्या, साध्या इमारतीतल्या शाळेलाही त्यात भाग घेता येतो, म्हणून मला तो आपल्याकडच्या परिस्थितीला सर्वांत जवळचा वाटतो.

इथे एका मानांकनातून दुसऱ्यात जाताना काय सोबत नेता येतं? पावसाच्या पाण्याची साठवण, नळांचा प्रवाह, छताचं उष्णतारोधन, सौर पॅनेल यांची मोजमापं बहुतेक ठिकाणी चालतात, फक्त नव्या नमुन्यात भरावी लागतात. अडचण येते ती वेळेला बांधलेल्या गोष्टींची. खोदाईआधी वरची सुपीक माती वेगळी काढून राखायची असते. जमिनीची तपासणी बांधकामापूर्वीची हवी. धूळ आणि ओलावा यांपासून साहित्य झाकल्याच्या नोंदी काम चालू असतानाच्याच हव्यात. ती वेळ गेली की कोणतंही शुल्क भरून ते गुण परत मिळत नाहीत. म्हणून बदलाचा विचार पाया खणण्यापूर्वी व्हायला हवा, आणि निर्णय लांबला तरी दोन्हीकडे चालतील अशा नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवायला हव्यात.

आवाजाचा प्रश्न मात्र आपल्याकडे या सगळ्यातून निसटतो. अमेरिकी अट वातानुकूलन यंत्राच्या घरघरीवर लिहिलेली आहे. आपल्या वर्गात गोंगाट येतो उघड्या खिडकीतून, रस्त्यावरून, शेजारच्या वर्गातून आणि छताच्या पंख्यातून. खिडकी लावली तर उकाडा आणि कोंदट हवा, उघडली तर हॉर्न. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र होऊ शकतो आणि तिथे दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम रस्त्यावर पाळला गेला तरी उघड्या खिडकीच्या वर्गात ३५ डेसिबल मिळवणं आराखड्यावरच अवलंबून राहतं: वर्ग रस्त्याकडे तोंड करून आहेत की अंगणाकडे, मधे व्हरांडा आहे का, छताला आवाज शोषणारं काही आहे का. बुरशीचंही तसंच. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये भरते आणि पाऊसही तेव्हाच सुरू होतो. कोकणातल्या शाळेच्या भिंती पहिली घटक चाचणी होईपर्यंत ओल धरून असतात. बुरशीचा तो सुटलेला गुण इथे सर्वांत जास्त कामाचा होता.

महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित इमारतीला वाढीव चटईक्षेत्राची सवलत आहे: ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी वा लीडचं सिल्व्हर असेल तर ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७. या तक्त्यानं तिन्ही मानांकनं एका ओळीत बसवली, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाणाऱ्याची सवलत बुडत नाही. घरं विकणाऱ्या विकासकाला याचा थेट फायदा आहे. मैदान राखून दोन मजली शाळा बांधणाऱ्या संस्थेला जादा चटईक्षेत्राचा उपयोग थोडा. तिला उपयोगी पडेल ते वर्गातला आवाज, हवा आणि ओल तपासायला लागणारा पैसा आणि माणूस, आणि त्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.