सोसायटीचा फॉर्म बी: कोणाकडून घ्यायचा, कुठे द्यायचा

जानेवारी आणि जुलै आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिटीत एकच विचारणा सुरू होते: फायर ब्रिगेडचं सर्टिफिकेट आलं का? ते येत नाही. आपणच फायर ब्रिगेडला द्यायचं असतं, वर्षातून दोनदा. हाच फॉर्म बी, म्हणजे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीची यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. सोसायटीत ती कमिटीवर येते, दुकान किंवा ऑफिस असेल तर ते चालवणाऱ्यावर.

मुंबई अग्निशमन दल महापालिकेचं आहे. मुख्यालय भायखळ्याला, सर्वांत वर प्रमुख अग्निशमन अधिकारी, खाली उपप्रमुख, मग विभागीय अधिकारी आणि शेवटी आपल्या भागातलं केंद्र. हे दल इमारत तपासू शकतं, नोटीस काढू शकतं, दाद दिली नाही तर वीज-पाणी तोडायला लावू शकतं. पण पंप दुरुस्त करणं, सिलिंडर भरून देणं किंवा फॉर्म बीवर सही करणं हे त्यांचं काम नाही.

ती सही परवानाधारक एजन्सीची. परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतो आणि अशा एजन्सींची यादी संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. ओळखीच्या माणसाने कुणाला पाठवलं असेल तरी परवान्याची प्रत मागा आणि मुदत वाचा. यंत्रणा नव्याने बसवली असेल तर आधी फॉर्म ए (ती बसवल्याचं प्रमाणपत्र), त्यानंतर दर सहामाहीचा फॉर्म बी.

एजन्सी हे विचारणारच, म्हणून फाइल तयार ठेवा: भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन दलाची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि त्यासोबतचे मंजूर नकाशे, जुने फॉर्म ए व बी, देखभालीचा करार. जुन्या इमारतींत नेमकी एनओसीच सापडत नाही. तिच्याशिवाय कोणती यंत्रणा मंजूर झाली होती हे ताडून पाहता येत नाही, त्यामुळे शोध जुलैच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

तपासणीच्या दिवशी कमिटीतल्या एकाने तरी सोबत फिरावं. फायर पंप सुरू करून गच्चीपर्यंत पाण्याचा दाब येतो का, ते डोळ्यांनी बघा. प्रत्येक मजल्यावरचा होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाइपची पेटी, उघडायला लावा. पितळी नोझल चोरीला गेलेलं असतं, आत झाडू आणि रंगाचे डबे. रिफ्यूज एरियात (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा) कुणाची सायकल, कुणाचं कपाट. पंपाला हात न लावता गेटवरच सही करून देणारी एजन्सी स्वस्त पडते, माझ्या मते तिला दारातूनच परत पाठवावं. खोट्या कागदावर आग विझत नाही आणि चौकशीत कमिटीची नावं पुढे येतात.

सही-शिक्क्याचा फॉर्म अग्निशमन दलाकडे दाखल करून पोच घ्या, ती पुढच्या सहामाहीच्या फाइलला लावा. 2017 च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत 14 जीव गेले, तेव्हापासून कागदांकडे बारकाईने पाहिलं जातं.

आग लागलीच तर 101. आणि नंतर विम्याचा दावा करायचा असेल तर कंपनी दलाचा अहवाल मागते. त्याच्या अर्जात जागेचा पूर्ण पत्ता, आगीची तारीख व वेळ लिहा आणि जागेच्या हक्काचा किंवा भाडेकराराचा कागद जोडा.