ऑनलाइन छंदगट (खानदेश)

एकच छंद किंवा हस्तकला जोपासणाऱ्या माणसांनी आपले काम दाखवण्यासाठी, अडलेले विचारण्यासाठी, नमुने देण्याघेण्यासाठी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यासाठी इंटरनेटवर उभारलेला समूह म्हणजे ऑनलाइन छंदगट. विणकाम, क्रोशा, गोधडी, रुखवत, गच्चीवरची बाग, पक्षिनिरीक्षण, जुनी नाणी, मोडी वाचन अशा कोणत्याही विषयाचा गट असू शकतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात लोक अशा कामासाठी प्रामुख्याने व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम वापरतात. केवळ एका छंदासाठी बांधलेली संकेतस्थळे इथे त्या मानाने कमी परिचित आहेत, आणि त्यामुळे इथल्या कारागिरांचे नुकसान होते. ते कसे, हे पुढे येईल.

पूर्वपीठिका

छंदिष्टांच्या ऑनलाइन भेटीगाठी समाजमाध्यमांपेक्षा जुन्या आहेत. १९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेट या संगणकांवरच्या चर्चाजाळ्यावर हस्तकलांसाठी वेगळे चर्चागट होते. पुढे चित्रकारांसाठी डेव्हिअंटआर्ट (२०००), पक्षिनिरीक्षकांसाठी ई-बर्ड (२००२), छायाचित्रकारांसाठी फ्लिकर (२००४) आणि निसर्गनिरीक्षणासाठी आय-नॅचरलिस्ट (२००८) अशी विषयवार जाळी तयार झाली. विणकाम आणि क्रोशा करणाऱ्यांसाठी एका अमेरिकी दांपत्याने २००७ मध्ये रॅव्हेलरी सुरू केले. सुरुवातीला तिथे प्रवेशासाठी प्रतीक्षायादी होती. तिथल्या सभासदाला प्रत्येक वस्तूसाठी एक पान मिळते. कोणती लोकर वापरली, सुई किती मिलिमीटरची होती, मूळ नमुन्यात काय बदलले आणि कुठे उसवावे लागले, हे सगळे त्या पानावर लिहिता येते. एकीचे हे टिपण जगातल्या दुसऱ्या कोपऱ्यातल्या बाईला उपयोगी पडते.

महाराष्ट्रात शहरी तरुणांनी ही चव आधी ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमाच्या समूहांत घेतली. खानदेशातल्या घराघरांत मात्र ती सप्टेंबर २०१६ नंतर पोहोचली. त्या महिन्यात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा स्वस्त झाला. अर्थात गट करणे ही इथल्या बायकांना नवी गोष्ट नव्हती. भिशी, बचत गट, भजनी मंडळ, दुपारच्या वेळी ओट्यावर शेंगा फोडत किंवा पापड लाटत चालणारी बैठक, हे सगळे आधीपासून होतेच. फोनवरच्या गटाने त्या बैठकीला आळीबाहेरची माणसे जोडली.

सामील होण्याची रीत

व्हॉट्सअ‍ॅप गटात शिरण्याचे दोन मार्ग आहेत : गटचालक थेट घेतो, किंवा दुव्यावरून आपण जातो. २०२२ पासून एका गटात १,०२४ जण मावतात. इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. गटात शिरताच आपला मोबाइल क्रमांक सामान्यतः सर्व सभासदांना दिसतो. कोणी परस्पर गटात ओढू नये यासाठी २०१९ पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गोपनीयतेची वेगळी सोय आहे. ती लावून ठेवणे, विशेषतः बायकांनी आणि मुलींनी, फार गरजेचे आहे. फेसबुकवर गट सार्वजनिक किंवा खासगी असतो. खासगी गटात शिरताना बहुधा दोन-तीन प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे रिकामी ठेवणाऱ्याची विनंती चालक अडवून ठेवतात, कारण जाहिरातवाल्यांना गाळण्याचा तोच एक उपाय त्यांच्या हाती असतो. 'क्रोशा शिकते आहे, तोरण करायचे आहे' एवढे एक वाक्य पुरते. रॅव्हेलरी, ई-बर्ड, आय-नॅचरलिस्ट यांसाठी ई-मेलचा पत्ता लागतो. खाते विनामूल्य असते. रॅव्हेलरी आणि आय-नॅचरलिस्टवर टोपणनाव चालते.

आत गेल्यावर पहिले काही दिवस नुसते वाचावे, जुन्या नोंदी चाळाव्यात, गटाचे नियम पाहावेत. अडचण विचारताना वस्तूचा उजेडात काढलेला फोटो, जिथे चुकले त्या ओळीचा जवळून काढलेला दुसरा फोटो, लोकर किंवा दोऱ्याचा प्रकार आणि सुईचा क्रमांक द्यावा. 'माझे का जमत नाही?' या प्रश्नाला कोणीही नेमके उत्तर देऊ शकत नाही. इंग्रजी नमुना वाचणाऱ्यांनी तो अमेरिकी पद्धतीचा आहे की ब्रिटिश, हे आधी पाहावे. एकीकडचा सिंगल क्रोशे तो दुसरीकडचा डबल क्रोशे असतो. साखळी, मुका खांब, खांब या घरच्या नावांनी शिकलेल्या बाईचा अख्खा रुमाल या गोंधळात उसवावा लागतो.

भाषेची अडचण खानदेशात आणखी एका अंगाने येते. इथे घरात अहिराणी, तावडी, लेवा गणबोली बोलतात. सातपुड्यात भिली, पावरी आणि नवापूरकडे मावची बोलतात. लिहायचे म्हटले की प्रमाण मराठीचा संकोच आडवा येतो आणि बाई गप्प राहते. आवाजी संदेशाने हा संकोच पुष्कळ कमी केला आहे. 'मनी गोधडी देखा' म्हणून फोटो टाकणारीला कोणी शुद्धलेखन विचारत नाही. गटचालकांनी आवाजी संदेशांना मनाई करू नये, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या आतल्या पाड्यांत रेंज नसते. तिथल्या माणसाचे उत्तर उशिरा येते, म्हणून त्याला गटातून काढून टाकणेही योग्य नव्हे.

खानदेशातील छंद आणि कला

या गटांत सर्वांत जास्त हालचाल सणांच्या आणि लग्नांच्या आधी दिसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळावर मुखवटा, नथ, मंगळसूत्र चढवून देवीचा शृंगार होतो, आणि मखर, चौरंग, मागचा पडदा यांच्या सजावटीची देवघेव आधीच सुरू होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. त्या गाण्यांचे शब्द एका गावी एक तर दुसऱ्या गावी दुसरे असतात, त्यामुळे आवाजी संदेशांतून आलेली ही गाणी नुसती ऐकून सोडून देण्यासारखी नाहीत. रुखवताचा तर वेगळाच थाट : क्रोशाची तोरणे, मण्यांचे रुमाल, सजवलेल्या सुपाऱ्या, लोकरीची फुले. पूर्वी रुखवत लग्नाच्या मांडवातच पाहायला मिळे. आता शहाद्यातल्या लग्नाचे रुखवत त्याच संध्याकाळी सुरतेत पाहतात. कामधंद्यासाठी सुरतेत गेलेल्या खानदेशी कुटुंबांची संख्या मोठी आहे, आणि गावाकडचे सणवार त्यांना या गटांमुळे जवळचे राहतात.

गोधडीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. जुनी लुगडी, धोतरे, साड्या थरावर थर पसरून धावदोऱ्याने शिवायच्या. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली की हे काम हाती घ्यायचे, ही रीत घरोघर आहे. गटात गोधडीचा फोटो येतो, त्याखाली 'छान', 'सुंदर', हात जोडल्याची चित्रे येतात, आणि विषय संपतो. पण फोटोत फक्त वरचा थर दिसतो. आत किती थर आहेत, कोणते कापड आत घातले, दोरा कोणता, शिवण कडेकडून आत नेली की मधून बाहेर, काठ कसा दुमडला, हे फोटोवरून कळत नाही. ही विद्या हातात असलेल्या आज्या थकत चालल्या आहेत. परदेशातल्या वाकळीचे नमुने आपल्या मुलींना फोनवर टाक्यानिशी सापडतात आणि स्वतःच्या आजीच्या गोधडीची एक ओळही कुठे लिहिलेली सापडत नाही, ही स्थिती मनाला लागते. खानदेश या जाळ्यांतून घेतो पुष्कळ, देतो थोडे. गाव, वर्ष, साहित्य, रीत आणि कोणाकडून शिकले, एवढ्या पाच गोष्टी फोटोखाली लिहिल्या तरी ही तूट भरून निघू लागेल. एखाद्या नातीने आजीला बोलते करून ते टिपावे. आजीचे नाव जाहीर करायचे की नाही, ते आजीला विचारून ठरवावे.

रावेर-यावल भागात केळीचा घड काढल्यावर खोड मागे उरते. त्यापासून धागा काढून पिशव्या, चटया, शोभेच्या वस्तू करणाऱ्यांचे गट आणि व्हिडिओ अलीकडे दिसतात. सातपुड्यातील आदिवासींच्या होळीत 'बुध्या' हा वेश घेणाऱ्यांचे मोरपिसांचे उंच टोप आणि कमरेचे वाळलेले भोपळे फोटोसाठी फार मोहक असतात, मात्र तो नवसाचा आणि व्रताचा वेश आहे. हस्तकलेचा नमुना म्हणून तो गटात टाकण्याआधी त्या माणसांची संमती घ्यावी.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. जुन्या कागदांचे प्रेम या शहराला तेव्हापासून आहे. मोडी लिपीचा २०१४ मध्ये युनिकोड या संगणकी अक्षरांच्या जागतिक प्रणालीत समावेश झाल्यामुळे मोडी अक्षरे संगणकावर टंकित करता येतात. अडलेल्या ओळीचा फोटो टाकून चार जणांनी मिळून ती लावणे, हा मोडीच्या गटांतला मोठा आनंदाचा खेळ असतो.

नोंदीचे मोल : रानपिंगळ्याचे उदाहरण

ठिकाण आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिण्याला किती किंमत आहे, हे खानदेशातल्याच एका पक्ष्याने दाखवले आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये झाली. १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीस असलेले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी संग्रहासाठी त्याचे नमुने (मृत पक्षी) गोळा केले. १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. फक्त इंग्रज लष्करी अधिकारी आणि पक्षी-संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी आपण तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच होता. त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. या चिठ्ठीमुळे शोधणारे चुकीच्या जागी फिरत राहिले. पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या पक्षी-अभ्यासकांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला.

आज हतनूर जलाशयावर किंवा तोरणमाळच्या वाटेवर पक्षी पाहणारा शाळकरी मुलगाही ई-बर्डवर ठिकाण, वेळ आणि संख्या नोंदवू शकतो. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे मात्र गटात ठिकाणासह सांगू नये. कॅमेरे घेऊन गर्दी लोटते. अशा संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट लोकांपासून झाकून ठेवतात आणि तरीही नोंद शाबूत राहते. व्हॉट्सअ‍ॅप गटात ही सोय नाही.

विक्री, हक्क आणि सुरक्षितता

छंदाच्या गटात विक्री सुरू झाली की शिकवणे आटते, कारण आपली रीत सांगणारी बाई उद्याचे गिऱ्हाईक गमावायला तयार नसते. म्हणून विक्रीचा दिवस किंवा वेगळा गट ठेवणे बरे. विक्रीवर जगणाऱ्या कारागिराला त्याबद्दल दोष देता येत नाही. गोधडीला लागलेल्या दिवसांचे दाम मिळणे हा ती शिवणाऱ्या बाईचा हक्क आहे.

कोणी लिहिलेला नमुना, म्हणजे त्याचा मजकूर, आकृती आणि फोटो, प्रताधिकार कायदा १९५७ खाली त्याचा असतो. टाक्याची पद्धत कोणाच्या मालकीची नसते. विकत घेतलेल्या नमुन्याची पीडीएफ गटात टाकणे म्हणजे तो नमुना रचणाऱ्या बाईची कमाई हिरावणे होय.

फसवणुकीचा नेहमीचा प्रकार असा : 'तोरण घ्यायचे आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.' पैसे येण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही द्यावा लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. घराचा पत्ता, लहान मुलांचे फोटो, दागिने घातलेल्या कानबाईमागे दिसणारे घराचे दार, हे गटात टाकण्यापूर्वी दोनदा पाहावे.

नोंदी जपणे

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तिथले समूह मोडले. व्हॉट्सअ‍ॅप गटाचे आयुष्य तर सभासदांच्या फोनइतकेच असते. फोन हरवला आणि बॅकअप नसला तर जुने फोटो आणि संभाषण दोन्ही गेले. व्हॉट्सअ‍ॅपमधून संभाषण फाइल म्हणून बाहेर काढता येते, ई-बर्ड व आय-नॅचरलिस्टवरून आपल्या नोंदी उतरवून घेता येतात. ज्या गटात पुरेसे काम साठले आहे त्यांनी वर्षातून एकदा, आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा दिवाळीच्या सुटीत घरी आलेल्या मुलांकडून, गोधडी, रुखवत आणि गाणी यांचे वेगवेगळे फोल्डर करून घ्यावेत, प्रत्येक फोटोला गावाचे नाव द्यावे आणि त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी.